माठाची जुडी, गोठ्यामागची विहीर आणि नातीचे उष्टावण

प्रश्न : आम्ही गुहागर तालुक्यात समुद्रापासून जवळच राहतो. घरामागे नारळी-पोफळीचे आगर आहे आणि गोठ्याला लागून असलेल्या परसात मी लाल माठ, पालक, मुळा, अळू लावते; पालेभाजी सहसा बाजारातून आणावी लागत नाही. माझी नात आता साडेचार महिन्यांची आहे. मुलीचे उष्टावण पाचव्या महिन्यात करतात आणि गणपतीला मुंबईची सगळी मंडळी येणार आहेत, म्हणून तेव्हाच ते करावे आणि परसातल्या पालकाचे पाणी, माठाची मऊ भाजी तिला चाखवावी, असे माझ्या मनात होते. पण पुतण्याने मोबाईलवरून वाचून दाखवले की पालेभाजीत नायट्रेट नावाचे विष असते, त्याने लहान मुले निळी पडतात, मोठ्यांना कॅन्सर होतो आणि भाजी पुन्हा गरम केली की ते विष दुप्पट होते. तेव्हापासून सूनबाई माठाला हात लावत नाही. यजमानांना रक्तदाब आहे आणि छातीत दुखले तर जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायला डॉक्टरांनी सांगितले आहे. त्या गोळीतही नायट्रेटच असते म्हणे. मग ते औषध कसे? सून शाळेत शिकवायला जाते, त्यामुळे बाळाला दुपारी दोन वेळा पावडरचे दूध द्यावे लागते. ते मी गोठ्यामागच्या विहिरीचे पाणी चांगले वीस मिनिटे खळखळ उकळून करते, तेव्हा पाण्याची काही काळजी नाही. तर पालेभाजी खावी की बंद करावी?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत द्यायचे तर मोठ्या माणसांनी पालेभाजी मुळीच बंद करू नये. पण तुमचे पत्र वाचताना मी भाजीपाशी थांबले नाही, ‘पाण्याची काही काळजी नाही’ या वाक्यापाशी थांबले, कारण सर्वांत जास्त काळजी करण्यासारखी गोष्ट तुमच्या पत्रात तीच आहे. म्हणून आधी पाण्याचे लिहिते आणि मग भाजीकडे वळते.

नायट्रेट हे पाण्यात विरघळलेले क्षार आहे. मीठ घातलेले पाणी उकळले तर जंतू मरतात, पण मीठ उडून जात नाही. उलट पाणी वाफ होऊन कमी होते आणि उरलेले पाणी अधिक खारट लागते. नायट्रेटचे नेमके तसेच होते. एका लिटरला 60 मिलिग्रॅम नायट्रेट असलेले दोन लिटर पाणी तुम्ही दीड लिटर होईपर्यंत आटवले, तर त्याच पाण्यात लिटरमागे 80 मिलिग्रॅम नायट्रेट होते. म्हणजे तुम्ही मायेने जितका जास्त वेळ पाणी उकळता, तितके ते या एका बाबतीत बाळासाठी अधिक वाईट होत जाते. तुमच्या विहिरीत नायट्रेट जास्त आहे असे मी इथे बसून म्हणू शकत नाही, पण विहीर गोठ्यामागे आहे, शेणाचा उकिरडाही बहुधा तिथेच असेल, आणि जांभ्याच्या सच्छिद्र खडकातून पावसाचे पाणी झिरपून विहिरीत उतरायला वेळ लागत नाही, एवढे पुरेसे आहे. तपासणीचा अहवाल हातात येईपर्यंत बाळाच्या दुधासाठी ते पाणी वापरू नका. नियमित तपासणी होणाऱ्या नळयोजनेचे पाणी किंवा सीलबंद बाटलीतले पाणी घ्या, त्याला एक उकळी आली की गॅस बंद करा, मग नेहमीप्रमाणे दूध तयार करा आणि ते कोमट झाल्यावर पाजा.

त्याहून चांगला उपाय घरातच आहे. सूनबाईंना शक्य असेल तर त्यांनी सकाळी आपले दूध काढून, स्वच्छ झाकणाच्या भांड्यात, फ्रीजमध्ये ठेवून जावे आणि तुम्ही ते दुपारी वाटी-चमच्याने पाजावे. आईने माठ, पालक खाल्ला म्हणून तिच्या दुधात नायट्रेट साठत नाही, तेव्हा त्यांनी माठ सोडला आहे तो तरी बाळासाठी सोडण्याचे कारण नाही. पालेभाजी बाळंतिणीने खायलाच हवी.

मी स्वतः पाणी आणि अन्न तपासण्याच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे काढली आहेत. एकदा एक गृहस्थ सरबताच्या जुन्या बाटलीत विहिरीचे पाणी घेऊन आले होते. त्यांच्याकडे आधीच एका ठिकाणाहून ‘पिण्यास योग्य’ असा कागद आलेला होता, पण त्या कागदावर केवळ जंतूंची तपासणी झालेली होती. नायट्रेटचा रकाना कोराच होता. मी परीक्षानळीत पाणी घेतले, रसायन टाकले, वर जस्ताची चिमूटभर पूड टाकली आणि नळी हलवली. जस्ताने नायट्रेटचे नायट्राइट होते आणि त्या रसायनात नायट्राइट असेल तर पाण्याला गुलाबी रंग चढतो. जितके जास्त, तितका गडद. पाहता पाहता नळीतले पाणी कोकम सरबतासारखे झाले आणि ते गृहस्थ ओशाळून म्हणाले, ‘बाटली नीट धुतली नव्हती वाटतं.’ मी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेची स्वच्छ बाटली देऊन पुन्हा नमुना मागवला. रंग तोच आला. चौकशी केली तेव्हा कळले की विहिरीच्या वरच्या अंगाला, चढावर, नव्या संडासाचा शोषखड्डा खणलेला होता. पाणी दिसायला नितळ, चवीला गोड, वासाला काही नाही. नायट्रेटचा हाच त्रास आहे की त्याला रंग, वास, चव यांपैकी काहीच नसते.

बाळे निळी पडतात हे तुमच्या पुतण्याने वाचलेले खरे आहे, फक्त ती गोष्ट मुळात भाजीची नसून विहिरीची आहे. 1945 साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यातील हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी शेतावरच्या विहिरींचे पाणी घालून केलेल्या दुधावर वाढणारी तान्ही बाळे निळी-करडी का दिसतात याचा शोध घेतला आणि त्या विहिरींतल्या नायट्रेटकडे बोट दाखवले. ‘ब्लू बेबी’ हा शब्द तेव्हापासून या विकाराला चिकटला. आज पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने लिटरला 45 मिलिग्रॅम आणि जागतिक आरोग्य संघटनेने 50 मिलिग्रॅम ही जी मर्यादा घातली आहे, ती मुख्यतः बाटलीचे दूध पिणारी बाळे डोळ्यांसमोर ठेवून घातलेली आहे.

शरीरात नेमके काय होते ते थोडे समजून घेतले तर पुढचे सगळे सोपे जाईल. नायट्रेट स्वतः फारसे काही करत नाही. जंतूंनी त्यातला प्राणवायूचा एक अणू काढून घेतला की त्याचे नायट्राइट होते, आणि गडबड करते ते नायट्राइट. आपल्या रक्तातला लाल रंग हिमोग्लोबिनचा असतो आणि त्यातले लोह एका विशिष्ट अवस्थेत असेल तरच ते प्राणवायू वाहू शकते. नायट्राइट त्या लोहाची अवस्था बदलून टाकते. मग ते हिमोग्लोबिन असून नसल्यासारखे होते, त्याला मेथेमोग्लोबिन म्हणतात, आणि रक्ताचा रंग चॉकलेटसारखा तपकिरी होतो. मोठ्या माणसाच्या रक्तात असे बिघडलेले हिमोग्लोबिन पुन्हा दुरुस्त करणारे विकर (एन्झाइम) भरपूर असते, त्यामुळे थोडेफार नायट्राइट आले तरी ते निभावून जाते. तान्ह्या बाळात मात्र हे विकर कमी असते, त्याचे गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन अधिक सहज बिघडते आणि पोटातले आम्लही सौम्य असल्याने नायट्रेटचे नायट्राइट करणारे जंतू तिथे सहज वाढू शकतात. पहिले तीन महिने सर्वांत नाजूक आणि सहा महिन्यांपर्यंत जपावे असे म्हणतात ते याच कारणाने. बाळाला जुलाब होत असतील तर हा धोका आणखी वाढतो.

एक खूण सांगून ठेवते. बाळाचे ओठ, नखे, तोंडाभोवतीची कातडी निळसर किंवा करडी दिसू लागली, तर बाळ वरकरणी शांत असले तरी घरगुती उपायात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा आणि डॉक्टरांना कोणते पाणी आणि कोणती भाजी दिली ते आवर्जून सांगा. बोटाला लावायचे प्राणवायू मोजणारे यंत्र या विकारात फसवा आकडा दाखवू शकते आणि नुसता प्राणवायू लावून रंग परत येत नाही. मिथिलीन ब्लू नावाचे औषध शिरेतून द्यावे लागते आणि ते वेळेवर दिले तर बाळ लवकर सावरते.

आता भाजी. वनस्पती मातीतून नत्र घेते ते बहुतेक नायट्रेटच्या रूपाने, आणि पानात ऊन मिळाले की त्याच नायट्रेटपासून ती आपली प्रथिने बनवते. ऊन कमी पडले तर हे काम मागे पडते, मुळे मात्र नायट्रेट खेचतच राहतात, आणि ते देठांत व पानांत साठून राहते. म्हणून श्रावणातल्या ढगाळ दिवसांत वाढलेल्या भाजीत ते माघातल्या भाजीपेक्षा जास्त असण्याचा संभव असतो, पहाटे खुडलेल्या जुडीत दुपारनंतर खुडलेल्या जुडीपेक्षा जास्त असतो, आणि देठात पानापेक्षा जास्त असतो. पालक, माठ, मुळ्याचा पाला, सॅलडची पाने ही या बाबतीत वरच्या रांगेतली. जमिनीखालच्यांपैकी मुळा आणि बीटही त्यांच्याच पंक्तीला. दुधी, भेंडी, पडवळ, वालपापडी यांत बरेच कमी. अळूची खाज हा वेगळा विषय आहे, ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांची असते आणि चिंच-आमसूल घालून ती आपण पिढ्यान् पिढ्या आवरत आलो आहोत. नायट्रेटचा तिच्याशी संबंध नाही.

प्रमाणाचा अंदाज असावा म्हणून थोडे आकडे. एक किलो ताज्या पालकात साधारण 1000 मिलिग्रॅमच्या आसपास नायट्रेट सापडते, पण हवामान आणि खतानुसार ते काहीशे मिलिग्रॅमपासून तीन हजारांपर्यंत जाऊ शकते. तज्ज्ञांनी रोज आयुष्यभर घेतले तरी चालेल अशी जी मात्रा ठरवली आहे, ती वजनाच्या दर किलोला 3.7 मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे 222 मिलिग्रॅम. पाव किलो कच्चा पालक एकट्याने खाल्ला तर ही मात्रा थोडी ओलांडली जाईल, पण ती ओलांडली म्हणजे विषबाधा झाली असा तिचा अर्थ नाही. ती भरपूर अंतर राखून आखलेली रेघ आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2008 साली हा सगळा हिशेब मांडून भाज्यांचे फायदे नायट्रेटच्या शंकेपेक्षा जड आहेत असेच म्हटले. बाळाची गोष्ट वेगळी का, हेही याच आकड्यांवरून कळते. सात किलोच्या बाळाला ती मात्रा अवघी 26 मिलिग्रॅम होते, म्हणजे दोन-तीन चमचे पालकातच ती संपू शकते. युरोपात ताज्या पालकाला किलोमागे 3500 मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे, पण बाळांच्या तयार अन्नाला फक्त 200.

पुन्हा गरम करण्याबद्दल पुतण्याला सांगा की त्याने अर्धेच वाचले आहे. उष्णतेने नायट्रेटचे नायट्राइट होत नाही. ते जंतू करतात, आणि जंतूंना लागतो तो वेळ आणि उबदारपणा. ताज्या पानात नायट्राइट जवळजवळ नसतेच. सकाळी केलेली भाजी झाकून ओट्यावर राहिली, कोकणातल्या दमट हवेत दुपार गेली, रात्री तीच पुन्हा चुलीवर चढवली, तर दोष त्या शेवटच्या गरम करण्याचा नसतो, मधल्या आठ-दहा तासांचा असतो. आणि तोपर्यंत तयार झालेले नायट्राइट गरम केल्याने नाहीसेही होत नाही. 1960 च्या दशकात जर्मनीत पालकाची पेस्ट खाऊन काही तान्ही बाळे निळी पडली होती, तेव्हा मुख्य संशय गेला तो तयार करून ठेवून दिलेल्या पेस्टवर. म्हणून भाजी केली की खा, उरली तर गरम असताना तासन्‌तास न ठेवता निवताच फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी एकदाच नीट गरम करून संपवा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज गेली की दोन दोन दिवस येत नाही. अशा वेळी फ्रीज म्हणजे नुसते कपाट, तेव्हा त्यातली पालेभाजी निःसंकोच गुरांना घाला. तीही थोडीच, कारण रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट फार वेगाने होते आणि भरपूर खत घातलेला हिरवा चारा एकदम खाऊन गुरे दगावल्याची उदाहरणे आहेत. कोमेजलेली, चेचलेली, पाण्याने गच्च भिजवून पिशवीत कोंबलेली जुडीही याच कारणाने टाळावी.

तर नातीचे उष्टावण. ते पाचव्या महिन्यात गणपतीतच करा, मंडळी जमलेली आहेत तर दुसरा मुहूर्त शोधायला नको. विधी म्हणून चांदीच्या वाटीतली खीर बोटाच्या टोकाने जिभेला लावली, ओवाळले, फोटो काढले, एवढ्याने काही बिघडत नाही. फक्त त्या दिवशी मध चाटवू नका. एक वर्षाच्या आत तो देऊच नये. खरे वरचे अन्न मात्र सहा महिने पूर्ण झाल्यावर सुरू करावे, आणि तेही मऊ भात-वरण, नाचणीचे सत्त्व, भोपळा, केळे यांनी. पालक-माठ सातव्या-आठव्या महिन्यानंतर, आठवड्यातून एक-दोनदा, एक-दोन चमचे पुरेत. त्यासाठी पाने देठ काढून घ्यावीत, भरपूर पाण्यात उकडावीत आणि ते पाणी ओतून टाकावे. नायट्रेट पाण्यात उतरत असल्याने त्यातले बरेचसे याने निघून जाते. मोठ्यांच्या भाजीला असे करू नका, त्यात जीवनसत्त्वेही वाहून जातात. पण यावरूनच तुमच्या लक्षात आले असेल की ‘पालकाचे पाणी’ हे बाळाला द्यायचे नाही, ते टाकायचे पाणी आहे. भाजीत जे नको, तेच त्या पाण्यात उतरलेले असते. बाळासाठी भाजी दर वेळी ताजी करावी, उरलेली ठेवू नये, आणि बाळाला हगवण लागलेली असेल तर बरे होईपर्यंत पालेभाजी नको.

कॅन्सरच्या भीतीबद्दल. नायट्राइट आणि अन्नातली अमाईन्स (प्रथिनांपासून तयार होणारी नत्रयुक्त द्रव्ये) यांचा पोटात संयोग झाला तर नायट्रोसामाईन नावाची संयुगे बनतात, आणि त्यांतली अनेक प्राण्यांत कर्करोगकारक ठरली आहेत. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2006 साली निर्णय दिला तो असा की पोटात हा संयोग घडेल अशा परिस्थितीत घेतलेले नायट्रेट किंवा नायट्राइट बहुधा कर्करोगकारक आहे. मोबाईलवर हा निर्णय फिरतो तेव्हा ‘अशा परिस्थितीत’ हे शब्द गळून पडतात. परिस्थिती म्हणजे काय? नायट्राइट घालून टिकवलेले सॉसेज, सलामी, बेकन हे तिचे ठळक उदाहरण, आणि 2015 साली त्याच संस्थेने अशा प्रक्रिया केलेल्या मांसाला स्पष्टपणे कर्करोगकारक म्हटले. पालेभाजीत नायट्रेटबरोबरच क जीवनसत्त्व आणि इतर अशी द्रव्ये येतात, जी हा संयोग अडवतात. तुमच्याकडे माठात सुकी कोलंबी किंवा जवळा घालत असतील. सुक्या मासळीत अमाईन्स असतात हे खरे, पण महिन्यातून चार वेळा केलेल्या त्या भाजीवरून मी कुणाची झोप उडवणार नाही. वाढताना वर लिंबू पिळा, क जीवनसत्त्व मिळते आणि चवही खुलते. ऋषिपंचमीच्या भाजीतली देठी आणि माठाचे जाड देठ यांचेही तसेच: देठांत नायट्रेट जास्त असले तरी मोठ्यांनी ती भाजी मनसोक्त खावी.

यजमानांच्या बाबतीत तर पारडे उलट्या बाजूला झुकते. आपण खाल्लेल्या नायट्रेटपैकी सुमारे पाव हिस्सा रक्तातून लाळग्रंथीत येतो, जिभेच्या मागच्या भागावरचे निरुपद्रवी जंतू त्यातल्या काही भागाचे नायट्राइट करतात, आणि ते गिळल्यावर पोटात व रक्तवाहिन्यांत त्याचे नायट्रिक ऑक्साइड बनते. हा वायू रक्तवाहिन्या सैल करतो आणि रक्तदाब थोडा उतरवतो. नायट्रिक ऑक्साइड हृदय आणि रक्तवाहिन्यांना असा निरोप पोचवतो हे दाखवणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना 1998 सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे ज्या द्रव्याला पुतण्या विष म्हणतो, ते मोठ्या माणसाच्या शरीरात कामाला येते. (रोज जंतुनाशक औषधाने चुळा भरणाऱ्यांच्या जिभेवरचे हे जंतू मरतात आणि हा फायदा कमी होतो, हे जाता जाता.) सॉर्बिट्रेट हे त्याच घराण्यातले, पण कारखान्यात बनवलेले वेगळे रसायन, ते जिभेखाली विरघळून काही मिनिटांत रक्तवाहिन्या सैल करते, म्हणून छातीतली कळ थांबते. ती गोळी माठाच्या भाजीच्या जागी किंवा भाजी गोळीच्या जागी घेता येत नाही. माठ खाल्ला म्हणून गोळी टाळू नये आणि गोळी आहे म्हणून माठ टाळू नये. त्यांना रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनसारखी गोळी असेल, तर मात्र पालेभाजीचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवावे, कारण पानांतले के जीवनसत्त्व त्या गोळीच्या विरुद्ध काम करते; मूत्रपिंडाचा विकार असेल तर पोटॅशियमचा प्रश्न येतो. ही दोन्ही कारणे नायट्रेटची नव्हेत, पण त्यांच्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे अशी आहेत.

परसाबद्दल एकच आग्रह. माठ महिन्याभरात काढणीला येतो, त्यामुळे काढणीच्या तोंडावर भुरभुरलेला युरिया पानात वापरला जायला वेळच मिळत नाही आणि तो नायट्रेट होऊन ताटात येतो. लावणीच्या वेळी कुजलेले शेणखत, नंतर हात आखडता. शेणखत घरचे आहे म्हणून ते कितीही ओतले तर चालते असे मात्र नाही. नत्र कारखान्यातून आले की गोठ्यातून, हे झाडाला कळत नाही. भाजी शक्यतो उन्हाच्या दिवशी दुपारनंतर खुडा. उकिरडा आणि गोठ्याचा ओघळ विहिरीच्या वरच्या अंगाला असेल, तर तो खालच्या अंगाला न्या आणि विहिरीभोवती पाणी साचणार नाही असा उतार करून घ्या.

विहिरीचा नमुना या आठवड्यातच द्या. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे चौकशी करा. जलजीवन मिशनमध्ये गावांना दिलेल्या तपासणी संचात नायट्रेटची चाचणी असते आणि तिच्यावरून पहिला अंदाज येतो, पण बाळाचा प्रश्न असल्याने प्रयोगशाळेतूनही आकडा घ्या. बाटली प्रयोगशाळेचीच वापरा, सरबताची नको. पंप असेल तर दोन मिनिटे पाणी वाहू द्या आणि मग भरा, बाटली थंड ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. कागदावर ‘नायट्रेट’ हा रकाना लिहून मागा, नाहीतर नुसती जंतूंची तपासणी होऊन येते. अहवाल आल्यावर एकक नीट वाचा: आकडा ‘नायट्रेट म्हणून’ दिला असेल तर मर्यादा 45 आहे, पण ‘नायट्रोजन म्हणून’ दिला असेल तर 10 म्हणजेच जवळजवळ तेवढे, दुसऱ्या प्रकारातला 20 आकडा पाहून कुणी ‘45 च्या आत आहे’ म्हणाले तर मानू नका. आकडा वर आला तर तुरटी, ब्लीचिंग पावडर, मेणबत्तीचा फिल्टर, तांब्याचा हंडा यांपैकी कशानेही नायट्रेट जात नाही; आरओच्या यंत्राने बरेच कमी होते, पण यंत्र बसवल्यावर त्यातून आलेले पाणीही तपासून घ्यावे लागते. आकडा 45 च्या आत आला, तरी तेवढ्यावर थांबू नका. पावसाच्या पहिल्या जोरात आणि मे महिन्यात एकाच विहिरीचे आकडे वेगळे येऊ शकतात, म्हणून दुसरा नमुना उन्हाळ्यात द्या आणि दोन्ही कागद मला पाठवा. दरम्यान सूनबाईंना आज रात्रीच माठाची भाजी वाढा, लसणाची फोडणी देऊन, देठांसकट.